एक कोयता म्हणजे किती माणसे?
#थ्रेड : दाग-चेहऱ्यापासून ब्लॉकचेनपर्यंत, ‘एक माणूस, एकच नोंद’ या हट्टाचा इतिहास

१/
दसरा-दिवाळीच्या सुमारास केज तालुक्यातील वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, पोरेबाळे भरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यापूर्वी मुकादमाकडे एक हिशेब झालेला असतो. त्या हिशेबात माणसे मोजलेली नसतात, कोयते मोजलेले असतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. जो एकटा असेल तो अर्धा कोयता. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते, सही किंवा अंगठा त्याचाच, आणि फेडायचे मात्र दोघांनी.

या उलट टोकाला जगातील काही अत्यंत बुद्धिमान अभियंते गेली काही वर्षे एका प्रश्नाशी झुंजत आहेत : ब्लॉकचेनवरील एका खात्यामागे एकच जिवंत माणूस आहे आणि त्या माणसाचे दुसरे खाते नाही, हे सिद्ध कसे करावे? माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकाच घराण्यातले आहेत. म्हणून हा लांबलचक धागा.

२/
आधी अभियंत्यांची अडचण समजून घेऊ. संगणकांच्या खुल्या जाळ्यात कोणीही कितीही नावे धारण करू शकतो. एक माणूस हजार खाती उघडून हजार मते देऊ शकतो. २००२ मध्ये जॉन डूसर या संशोधकाने या लबाडीवर निबंध लिहिला आणि तिला ‘सिबिल’ हे नाव रूढ झाले; अनेक व्यक्तिमत्त्वे बाळगणाऱ्या एका स्त्रीवरील गाजलेल्या पुस्तकावरून.

३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या साखळीतील पहिला खंड तयार झाला. त्याने हा प्रश्न सोडवला नाही, टाळला. माणसे मोजता येत नाहीत ना, मग संगणकाने केलेले कष्ट मोजू, म्हणजे पर्यायाने वीज मोजू. खोटी नावे कितीही घ्या, वीज काही खोटी जाळता येत नाही. पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने वीज सोडली आणि अनामत ठेवलेले धन मोजायला सुरुवात केली. दोन्ही युक्त्या चोख आहेत. पण दोन्हींचा अर्थ एकच : ज्याच्यापाशी अधिक, त्याचा शब्द अधिक. माणशी एक मत किंवा माणशी समान वाटा द्यायचा असेल तर अखेर माणसेच मोजावी लागतात.

गंमत अशी की त्याच जानेवारी २००९ च्या २८ तारखेला भारत सरकारने विशिष्ट ओळख प्राधिकरणाची अधिसूचना काढली. एकाच महिन्यात एक यंत्रणा ‘माणूस मोजायचाच नाही’ म्हणून जन्मली आणि दुसरी ‘प्रत्येक माणूस एकदाच मोजायचा’ म्हणून.

३/
या विषयावर बोलताना दोन प्रश्नांची नेहमी गल्लत होते. पहिला : ‘हाच का तो?’ दुसरा : ‘हा एकदाच मोजला गेला आहे का?’ पहिल्यात तोतयाची भीती आहे, दुसऱ्यात दुबार नावाची. मराठी इतिहासाला दोन्हींचा चांगलाच अनुभव आहे.

४/
तोतयाची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटकही लिहिले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. रणांगणात सापडलेल्या मस्तकविरहित देहावरील खुणा पाहून ओळख पटविल्याचे वर्णन काशिराजाच्या वृत्तांतात आहे. पण पुण्यात फार थोड्यांनी डोळ्यांनी काही पाहिले होते. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्याची चिन्हे स्वीकारली नाहीत.

या संशयाच्या फटीतून सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आत शिरला. चेहरेपट्टी भाऊंशी जुळणारी. थोरल्या माधवरावांच्या काळात तो पकडला गेला, चौकशी झाली, कैद झाली. १७७६ मध्ये मात्र रत्नागिरीच्या अंमलदाराने, रामचंद्र नाईक परांजप्याने, त्याला भाऊसाहेब म्हणून बाहेर काढले आणि बघता बघता कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. हजारोंची फौज जमली. नाना फडणीस आणि सखारामबापू पुरंदरच्या राजकारणात गुंतलेले, घरात राघोबादादांचा तंटा पेटलेला. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, रघोजी आंग्र्यांनी त्याला पकडले, पुण्यात पुन्हा पंचांपुढे उभे केले आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली.

या प्रकरणात मला सर्वांत बोलके वाटते ते हे की शहानिशा एकदा झालेली होती. निवाडा लागलेला होता. तरीही दहा-अकरा वर्षांनी तोच माणूस तेच नाव घेऊन उभा राहिला आणि शहाण्यासुरत्यांनी त्याला मानले, कारण त्याला मानण्यात अनेकांचा लाभ होता. ओळख पटविण्याचे साधन कितीही पक्के असो, ओळख नाकारण्यात किंवा स्वीकारण्यात ज्यांचा स्वार्थ आहे ते त्या साधनाला वळसा घालतात.

५/
आता दुसरा प्रश्न, दुबार मोजणीचा. हा राजवटींच्या तिजोरीशी भिडलेला, म्हणून अधिक जुना.

अल्लाउद्दीन खलजी आपल्याला देवगिरीवरील १२९६ च्या स्वारीमुळे आठवतो. त्याच्या कारभारातील दोन सुधारणा मात्र क्वचित सांगितल्या जातात : घोड्याला डाग देणे आणि शिपायाचा हुलिया लिहून ठेवणे. कारण साधे होते. सरदार शंभर स्वारांचा पगार घेत आणि चाळीस बाळगत. हजिरीच्या दिवशी शेजाऱ्याचे घोडे उसने आणून संख्या भरून काढत. तोच घोडा सकाळी एका पथकात, दुपारी दुसऱ्या पथकात. घोड्याच्या मांडीवर डाग आला म्हणजे तो दोनदा मोजता येईना.

अकबराने १५७४ च्या सुमारास हीच पद्धत ‘दाग-ओ-चेहरा’ म्हणून नव्याने लावली. आणि लगेच तिच्यातून वाटा काढल्या गेल्या. बदायूनीने चिडून लिहून ठेवले आहे की अमीर लोक आपले नोकर-चाकर शिपायांच्या पोशाखात हजिरीला उभे करतात, जहागीर पदरात पडली की त्यांना घरी पाठवतात आणि प्रसंग आला की पुन्हा उसनी माणसे गोळा करतात. डाग खरा, चेहराही खरा, नोंद अचूक. फक्त सैन्य नाही. सोळाव्या शतकातला हा ‘सिबिल’ हल्लाच होय.

आपल्याकडील शिलेदार आणि बारगीर हा भेदही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. पागेचे घोडे सरकारच्या दावणीला बांधलेले असल्याने दोनदा मोजले जाण्याचा संभव कमी. मोजायची वस्तू आपल्याच ताब्यात ठेवणे हा दुबारीवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत महागडा उपाय.

६/
फौजेची हजिरी गेली, रोजगार हमीचा हजेरीपट आला. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील ही योजना महाराष्ट्राने उचलली, १९७७ मध्ये कायदा केला, आणि तिच्यासोबत ‘बोगस मजूर’ हा शब्दही मराठीत स्थिरावला. हजेरीपटावर नावे आहेत, खडी फोडायला माणसे नाहीत. पुढे केंद्रीय रोजगार हमीत मोबाइलवरून मजुरांचे छायाचित्र पाठविणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की छायाचित्राचेच छायाचित्र काढून चढवले जात आहे. बदायूनी हयात असता तर त्याला मुळीच आश्चर्य वाटले नसते.

७/
ऊसतोडीतही हे आहे. एकच टोळी दाखवून दोन-दोन ठिकाणांहून उचल घेतली, हंगामात टोळी आलीच नाही, अशा तक्रारी पश्चिम महाराष्ट्रातील वाहनमालक दर वर्षी पोलिसांकडे घेऊन जातात. त्यांचे नुकसान खरे आहे. त्यांच्यापैकी अनेक जण कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेले साधे शेतकरी असतात. आणि जेव्हा केव्हा ‘मजुरांची डिजिटल नोंदणी करा’ अशी मागणी उठते तेव्हा ती बहुधा याच बाजूने उठते : एक कोयता दोनदा विकला जाऊ नये म्हणून.

त्याच कोयत्यात दोन माणसे एकदाच मोजली जातात, हे मात्र दुबारीच्या व्याख्येत बसत नाही.

८/
बोटाच्या ठशाकडे वळू, कारण त्याचा जन्म आपल्याच देशातला. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्यासाठी खडी पुरविण्याचा करार करताना कागदावर हाताचा ठसा उमटवून घेतला. हेतू ओळख पटविण्याचा कमी, धाक बसविण्याचा अधिक : उद्या ‘ही सही माझी नाही’ म्हणू नये. १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय उभे राहिले. वर्गीकरणाची कठीण गणिती बाजू अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी रचली. पद्धतीला नाव मिळाले ते त्यांच्या वरिष्ठाचे, एडवर्ड हेन्रीचे.

या शास्त्राचा एक मोठा वापर कोणावर झाला? १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या जमातींवर. १९११ च्या सुधारित कायद्याने नोंदलेल्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार पोलिसांना दिला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. ज्या समाजांची बोटे राज्यसत्तेने इतक्या काटेकोरपणे नोंदविली, त्यांतील पारधी समाजाच्या अनेक कुटुंबांपाशी बीड जिल्ह्यात आजही साधे जातीचे प्रमाणपत्र किंवा शिधापत्रिका नसते. नोंद होणे आणि ओळख मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

९/
२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी उपस्थित होत्या. पहिला क्रमांक एका आदिवासी स्त्रीला मिळाला. दहा बोटे, दोन्ही बुबुळे आणि चेहरा घेऊन प्रत्येक नवी नोंद आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहायची, हे त्यामागील तत्त्व. आज ही संख्या १३० कोटींच्या पुढे आहे. ‘हा एकदाच मोजला आहे का?’ या प्रश्नाला मानवजातीने दिलेले एवढे विशाल उत्तर दुसरे नाही, हे टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे.

पण नोंदणी आयुष्यात एकदा आणि पडताळणी दर महिन्याला. उसाच्या पाचटाने, कोयत्याच्या मुठीने, मोळ्यांच्या वाढ्याने ज्यांच्या बोटांची कातडी झिजते त्यांना रेशन दुकानात ऐकावे लागते : ‘अंगठा लागत नाही.’ यंत्राच्या दृष्टीने ही स्त्री स्वतःचीच तोतया ठरते. जुन्या मराठी न्यायात पुरावा अपुरा पडला की दिव्य करीत. तापलेल्या तेलातून धातूचा रवा काढायचा आणि पुढे काही दिवसांनी तळहाताची कातडी पाहून निवाडा द्यायचा. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणतो, आणि ते योग्यच आहे.

२६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुदानासाठी आधार वैध ठरवले. खासगी कंपन्यांना दिलेली मुभा रद्द केली. आणि पडताळणी जुळली नाही म्हणून कोणाचा हक्क बुडू नये असे बजावले. न्या. धनंजय चंद्रचूड यांचे एकट्याचे भिन्नमत या वंचिततेच्या प्रश्नाकडे अधिक बारकाईने पाहते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनीच नव्हे, इतरांनीही ते वाचण्यासारखे आहे.

१०/
ब्लॉकचेनवाल्यांनी या प्रश्नाला दोन दिशांनी हात घातला. पहिली दिशा शरीराची. सॅम ऑल्टमन आणि ॲलेक्स ब्लानिया यांच्या वर्ल्डकॉइनने २४ जुलै २०२३ रोजी आपले जाळे खुले केले. चेंडूएवढ्या चकचकीत ‘ऑर्ब’पुढे डोळा धरायचा, बुबुळाच्या नक्षीचा सांकेतिक अंक तयार होतो, तो आधी आलेला नसेल तर तुम्ही ‘एकमेव माणूस’. वर मोबदला म्हणून टोकन. नैरोबीत यासाठी रांगा लागल्या, ऑगस्ट २०२३ मध्ये केनिया सरकारने काम थांबवले आणि मे २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने गोळा केलेली जैविक माहिती पुसून टाकण्याचा आदेश दिला. स्पेननेही २०२४ मध्ये मनाई केली.

माझा आक्षेप गोपनीयतेपुरता नाही. रोखीची चणचण असलेल्या माणसाला आज चार पैसे देऊन त्याच्याकडून जन्मभराची बांधिलकी घ्यायची, या व्यवहाराला आमच्याकडे एक जुना शब्द आहे : उचल. फेडून संपते ती उचल तरी बरी. बुबुळ परत मिळत नाही.

११/
दुसरी दिशा साक्षीची. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रूफ ऑफ ह्युमॅनिटी’मध्ये अर्जदाराने स्वतःची चित्रफीत द्यायची, अनामत ठेवायची आणि आधी नोंदलेल्या माणसाने ‘याला मी ओळखतो’ अशी हमी द्यायची. कोणी आक्षेप घेतला तर चिठ्ठीने निवडलेले पंच निवाडा देतात.

मराठी माणसाला हे वाचताना गोतसभा आठवल्यावाचून राहत नाही. वतनाचा तंटा पडला की गावोगावचे लोक जमत, साक्षी घेत, महजर लिहीत. लिहिता न येणारा आपली निशाणी उमटवी : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, स्त्रीची बांगडी. हा माणूस कोण, याचे उत्तर त्याच्या शरीरात नव्हते. त्याला ओळखणाऱ्यांच्या मुखात होते.

हे सुंदर आहे, आणि येथेच सावध राहिले पाहिजे. गोत म्हणजे समान माणसांचा मेळावा नव्हे. बसायचे कोणी, बोलायचे कोणी, कोणाच्या शब्दाला वजन, हे जातीने आणि वतनाने ठरलेले होते. आज केजच्या एखाद्या वस्तीवरील मजुराची हमी कोण देईल? ज्याचे देणे त्याच्या अंगावर आहे तो मुकादम. टोळीतील वीस माणसांची ‘ओळख’ तो एका दिवसात उभी करील आणि वीसही खात्यांच्या चाव्या आपल्या खिशात ठेवील. साखळीच्या दृष्टीने वीस खरी, जिवंत, एकमेव माणसे. प्रत्यक्षात एक मुकादम. कागदावर ही व्यवस्था विकेंद्रित, फडात ती पाटीलकीच.

१२/
महाराष्ट्रात ब्लॉकचेनचा ओळखीच्या कागदांसाठी प्रत्यक्ष वापर झालेला आहे. २०२२ मध्ये गडचिरोलीतील एटापल्ली येथे सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन या साखळीवर नेण्यात आल्या. क्यूआर संकेत तपासला की प्रमाणपत्रात मागाहून खाडाखोड झालेली नाही हे कोणालाही कळते. बनावट प्रमाणपत्रावर दुसऱ्याच कोणी नोकरी पटकावू नये, यासाठी हे उपयुक्त आहे, आणि दुर्गम तालुक्यात ते आधी झाले याचे कौतुक वाटते.

तरी साखळी नेमके काय सांगते ते नीट ऐकले पाहिजे. कागद दिला गेला तेव्हा जसा होता तसाच आज आहे, एवढेच ती सांगते. दिला तेव्हा तो खरा होता का, हे तिला ठाऊक नाही. ज्याला मिळायला हवा होता आणि मिळालाच नाही, त्याची तर तेथे नोंदच नाही.

१३/
‘न पुसता येणे’ हा ब्लॉकचेनचा मोठेपणा म्हणून सांगितला जातो. तलाठ्याच्या दप्तराची सवय असलेल्या आम्हा लोकांना त्यात अर्धीच गोडी वाटते. आमच्या नोंदपद्धतीचे हृदय सातबारा नसून फेरफार आहे : काय बदलले, केव्हा बदलले, कोणाच्या आदेशाने बदलले. लेखनप्रमाद झाला तर जमीन महसूल संहितेचे कलम १५५ दुरुस्तीची वाट मोकळी ठेवते. त्या वाटेवर किती हेलपाटे पडतात हा भाग वेगळा, पण वाट आहे.

मराठवाड्याला जुन्या नोंदीचे मोल आता नव्याने शिकवायला नको. २०२३ पासून निजामकाळातील मोडी आणि उर्दू दप्तरांत कुणबी नोंदींचा जो शोध चालला, त्याच्या राजकीय बाजूत मी येथे शिरत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने घाईत काय लिहिले यावर पणतवंडांचे शिक्षण अवलंबून राहू शकते, हे साऱ्या विभागाने पाहिले. तो कारकून चुकला असेल तर? त्याचे अक्षर कधीच न पुसणाऱ्या साखळीवर चढवण्यापूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. साखळीवर जुनी नोंद न पुसता तिच्यापुढे दुरुस्तीची नोंद जोडता येते, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. प्रश्न एवढाच की ती जोडण्याचा अधिकार कोणाला आणि दाद कोठे मागायची.

१४/
मग काहीच करू नये का? मला तसे वाटत नाही. एक आदर्श आपल्या डाव्या तर्जनीवर आहे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूर पेंट्स अँड वार्निश या सरकारी कारखान्याची शाई मतदाराच्या बोटाला लागते. ती शाई तुमचे नाव सांगत नाही, जात सांगत नाही, कोणाला मत दिले तेही सांगत नाही. एवढेच सांगते : हे बोट मोजून झाले. आणि काही आठवड्यांत निघून जाते.

गणिताने असे बोट तयार करता येते. प्रत्येकापाशी एक गुपित अंक. तो अंक आणि विशिष्ट यादीचे नाव एकत्र दळून एक खूण काढायची. त्याच यादीत तोच माणूस दुसऱ्यांदा आला तर तीच खूण निघते आणि दुबारी उघडी पडते. दुसऱ्या यादीत मात्र त्याची खूण अगदी निराळी. दोन खुणा एकाच माणसाच्या आहेत हे कोणालाही जुळवता येत नाही. ‘अनॉन आधार’ हा खुला प्रकल्प याच मार्गाचा : आधारच्या क्यूआर संकेतावरील सरकारी स्वाक्षरीच्या आधाराने, क्रमांक न उघडता, ‘माझ्यापाशी खरे आधार आहे’ एवढेच सिद्ध करायचे. ब्लॉकचेनवर माणसाची नोंद ठेवायचीच असेल तर ती डाग देऊन नव्हे, शाई लावून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात ज्याच्या हाती स्वतःचा फोनच नाही त्याचे गुपित कोणाच्या खिशात राहणार, हा मुकादमाचा प्रश्न शाईनेही सुटत नाही. शाई मतदान केंद्रावर, साऱ्यांच्या देखत, त्या-त्या बोटालाच लागते. म्हणून ती चालते.

१५/
येथे परत कोयत्याकडे येतो. पुष्कळ पुरोगामी मित्र ‘मोजणी म्हणजे पाळत’ असे समीकरण मांडतात. मागील इतिहास पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण ऊसतोड करणाऱ्या स्त्रीची तक्रार उलटी आहे. तिची पाळत पुरेशी होते. मोजणीच होत नाही. पहाटेपासून ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, आणि मजुरीच्या हिशेबात ती नवऱ्याच्या कोयत्याचा एक भाग. ‘एक माणूस, एक नोंद’ हे सूत्र सिलिकॉन व्हॅलीत लबाडांना रोखण्यासाठी आहे. केजमध्ये ते हक्काची मागणी म्हणून उभे राहू शकते.

गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, ग्रामसेवकांमार्फत सर्वेक्षण करून ओळखपत्रे द्यायचे २०२१ मध्ये ठरले. ही दिशा योग्य होती, कारण ओळख गावात दिली जाणार होती, कारखान्याच्या फाटकावर नव्हे. ते ओळखपत्र पतीचे वेगळे आणि पत्नीचे वेगळे असले पाहिजे, यावर तडजोड नको. कारण सवय किती खोल आहे ते आपण नुकतेच पाहिले. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत पुरुषांनीही पैसे घेतल्याचे उघडकीस आल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. तीत स्त्रीच्या आधारासोबत पतीचे किंवा वडिलांचे आधार मागितले गेले. विधवा, परित्यक्ता, वडील हयात नसलेल्या स्त्रिया अडल्या, तेव्हा त्यांच्यासाठी कागदपत्रांची निराळी सोय करावी लागली. कुटुंबाची पात्रता तपासायला ते हवे होते, असा शासनाचा युक्तिवाद आहे आणि तो अगदीच निराधार नाही. पण स्त्रियांच्या नावाची योजना आणि तिची किल्ली पुरुषाच्या मोबाइलवर येणाऱ्या अंकात, हा अर्धा कोयताच झाला.

१६/
ब्लॉकचेनचे समर्थक म्हणतात की ते खाते सर्वांसाठी उघडे असते. उघडे असते, पण वाचता किती जणांना येते? उघड्या खात्यासाठी मराठी मुलखात एक उपाय चालत आलेला आहे, त्याचे नाव चावडीवाचन. सातबारा असो की लाभार्थ्यांची यादी, ती गावापुढे मोठ्याने वाचायची. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आक्षेप घेता येतो. मेलेल्या माणसाचे नाव वाचले गेले की कोणीतरी हसतेच. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याच्या कलम १७ ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला, त्यामागची कल्पनाही हीच.

ऊसतोड कामगारांची यादी उद्या आधारवर असो की साखळीवर, ती वर्षातून दोनदा चावडीवर वाचली जावी : किती स्त्रिया, किती पुरुष, कोणाच्या नावे किती उचल. यंत्राने नाकारलेल्याचे म्हणणे त्याच ठिकाणी लिहून घ्यावे आणि ते निकाली लागेपर्यंत त्याचा हक्क चालू राहावा. मुकादमाने दिलेली साक्ष ग्राह्य धरू नये.

तारखांचा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागेल. आपल्याकडे ग्रामसभा रूढीने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. २६ जानेवारीला केज तालुक्यातील ही माणसे कोपीत असतात, गावात नव्हे. त्या दिवशी वाचलेल्या यादीवर आक्षेप घ्यायला म्हातारीकोतारी तेवढी उरतात. पट्टा पडून टोळ्या परतल्यानंतरची पहिली सभा १ मेची. दुसरे वाचन १५ ऑगस्टला घेता येईल, कारण त्या सुमारास पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी सुरू होत असतात आणि कोणाचे नाव कोणाच्या वहीत चढते आहे हे तेव्हाच कळते.